दामू, पदक तुझ्या गंगाळाला होतं

दामू, तुझा तेरावा काल झाला आणि आज मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत. मी तुझ्याहून पाच वर्षांनी मोठी, तुला कडेवर घेऊन सबंध तांबटआळी हिंडवलेली, मला कोण अडवतंय ते बघते. जिवंत होतास तोवर हा विषय काढला की तू मठारणी उचलायचास आणि ठोकायला लागायचास. ठोक्यांच्या आवाजात मी काय बोलणार, डोंबल? आता कारखाना गप्प आहे. आता ऐक.

पाचव्या दिवशी रावसाहेब दुखवट्याला आले होते. कचेरीतून अव्वल कारकून म्हणून पेन्शनीत निघालेला माणूस, रावसाहेब हा किताब त्यांना सरकारनं दिलेला नाही, आपल्या आळीनंच दिलेला. ओसरीवर बसले, उपरण्यानं डोळे टिपले आणि जमलेल्या चार माणसांना सांगू लागले, "दामूचा हात फार चांगला हो. आमच्या गंगाळाला मुंबईच्या प्रदर्शनात रुप्याचं पदक मिळालं, तेव्हा त्यालासुद्धा किती आनंद झाला होता." त्यालासुद्धा म्हणे. तुझी बायको सरू आतल्या दारात बसली होती, तिनं तोंडाला पदर लावला. मी खांबाला टेकून उभी होते, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग निघता निघता मला हळूच म्हणाले, "अक्का, घाई नाही, पण गंगाळाच्या कड्या दामूकडे बसवायला दिल्या होत्या. पुढल्या महिन्यात नातवाची मुंज आहे." माणूस जाऊन पाच दिवस झाले नाहीत आणि यांना कड्या सुचतात. मी म्हटलं, "सुतक फिटू द्या." आणखी काय बोलणार?

ते गंगाळ तेव्हा कारखान्यातच होतं. एक कडी तू बसवली होतीस, दुसरी ऐरणीशेजारी पडली होती. ताप चढला त्या सकाळी तू तिलाच हात घातला होतास.

ते प्रदर्शन तुझ्या डोक्यात कुणी भरवलं ते मला अजून कळलेलं नाही. एके दिवशी बाजारातून आलास तो तोंडभर हसत. मुंबईला मोठं प्रदर्शन भरतंय, गावोगावचे कारागीर आपापला माल मांडणार, साहेबलोक पाहून पदकं देणार, दूरदूरचे व्यापारी येणार. "अक्का, एकदा आपलं काम लोकांच्या नजरेस पडलं पाहिजे." त्या वेळी आगगाडीनं उतरणारी यंत्रावरची भांडी कल्याणच्या बाजारात दुकानदार नुकतीच मांडायला लागले होते. गुळगुळीत, हलकी, एका मापाची. गिऱ्हाईक ती हातात घेऊन तुझ्या भांड्याला "जड आहे" म्हणायला लागलं होतं. म्हणून तुझं ते खूळ मला पटलं. खोटं कशाला सांगू, मलाही वाटलं, जाऊ या.

पण मांडायचं काय? तांबट काय कापडवाला आहे, की कपाटं भरून माल पडलेला असावा? आपल्याकडे पत्रा यायचा तोच गिऱ्हाइकाच्या नावानं आणि भांडं झालं की त्याच दिवशी त्याच्या घरी जायचं. दाखवायला म्हणून भांडं घडवून ठेवावं एवढा पत्रा घ्यायची आपली ऐपत कधी होती? तुझं उत्तम काम सगळं लोकांच्या न्हाणीघरात आणि माजघरात. तेव्हा तू म्हणालास, "मग लोकांकडूनच मागून आणू. महिन्याभरासाठी."

आणि आपण दोघं दारोदार हिंडलो. दुसऱ्या कुणा कारागिरानं हा वेडेपणा केला असता का रे? विकलेलं भांडं परत मागायला जायचं. पारनाक्यावरच्या त्या म्हातारीनं घागर दिली, पण पाणी कशात भरू म्हणाली, तेव्हा सरूनं आपल्या घरची घागर तिच्याकडे नेऊन ठेवली. दुसरीकडे कळशी गेली, तिसरीकडे हंडा. महिनाभर तांबटाच्या घरात पाणी मातीच्या मडक्यात होतं. येणारी-जाणारी हसायची. सरूनं मात्र एका शब्दानं तक्रार केली नाही, हे तिच्या तोंडावर तू कधी बोलला नाहीस म्हणून मी इथे बोलते.

गंगाळ रावसाहेबांचं. तुझ्या हातून तसं पुन्हा झालं नाही, तूच म्हणायचास. तळापासून काठापर्यंत ठोक्यांचा मठार असा, की एक ठोका दुसऱ्याला धक्का लावत नाही, आणि प्रत्येक खळीत उजेड वेगळा बसलेला. रावसाहेबांनी ते दिलं, पण आधी चारी बाजूंनी बघून घेतलं. "चरा पडला तर नवं करून द्यावं लागेल हो दामू." तू मान डोलावलीस. मान डोलवायला तुला कधी कुणी शिकवावं लागलं नाही.

सगळ्या भांड्यांवर नावं होती, आणि ती मीच घातलेली. पंधराव्या वर्षी पांढरं कपाळ घेऊन माहेरी आले, तेव्हा आपल्या बाबांपुढे प्रश्न पडला की हिनं दिवसभर करायचं काय. तू तेव्हा शाळेत जात होतास. चुलीतली राख पसरून त्यावर बोटानं मला अक्षरं काढून दाखवायचास, चुकले की माझं बोट धरून गिरवून घ्यायचास. ते पाहून बाबांनी माझ्या हातात बारीक छिन्नी दिली. तेव्हापासून कल्याणातल्या भांड्यांच्या काठांवर ठिपक्याठिपक्यांनी नावं घालते आहे. दामू, मला घरात जी किंमत आली ती तुझ्या त्या राखेतल्या अक्षरांनी. हे मी विसरलेले नाही. राग आहे म्हणून हे विसरायचं, एवढी मी कृतघ्न नाही.

बाबांचा नियम तुला माहीतच आहे. भांडं ज्याच्या घरी जायचं, त्याचं नाव काठावर. घडवणाऱ्यानं आपलं नाव भांड्यावर घालायचं नाही, तो अगोचरपणा. आपल्या आजोबांनी घातलं नाही, बाबांनी घातलं नाही, तूही नाही. मी त्या गंगाळाच्या काठावर सुबक अक्षरांत रावसाहेबांचं नाव घातलं होतं, "गोविंद बापूजी, कल्याण". एवढं सुबक घालायची अवदसा मला कशाला आठवली होती?

आगगाडीनं माल न्यायचा तर भाड्यातच आपण आडवे झालो असतो. म्हणून बंदरावरून भाताच्या पोत्यांबरोबर मचव्यानं निघालो. मी बरोबर आले, कारण खाऱ्या वाऱ्यानं तांबं एका दिवसात काळवंडतं, आणि रोज सकाळी चिंच-राखेनं उजळायला हात हवा होता. मचव्याचा तांडेल गंगाळाकडे बघून म्हणाला, "ह्या गंगाल हाय की होरी, आक्का?" गंगाळाला होडी म्हटल्यावर तू इतका हसलास की ठाण्याच्या बंदरापर्यंत अधूनमधून हसतच होतास. ठाण्याला भरतीसाठी थांबलो. मिठागरांच्या कडेनं पांढरे ढीग उन्हात चमकत होते, तू पोत्यांना टेकून भाकरी खात होतास आणि मला म्हणालास, "अक्का, एखादा मोठा व्यापारी भेटला ना, तर दोन माणसं ठेवू कामाला." तेवढंच तुला हवं होतं. दोन माणसं आणि हातात कायम काम.

प्रदर्शनात स्वतःची जागा घ्यायची तर आपला जीव तेवढा नव्हता. जिल्ह्याच्या सामाईक मेजावर मात्र फुकट मांडता येत होतं. मग तसंच केलं. ठाण्याच्या कचेरीतून आलेल्या मालाशेजारी, तुरुंगातल्या सतरंज्या एका बाजूला आणि बियाण्यांच्या थैल्या दुसऱ्या बाजूला, मध्ये आपली भांडी. समोर एका बड्या कंपनीनं बिलोरी आरसे लावून यंत्रावरच्या भांड्यांचा डोंगर रचला होता. आपल्याकडे मेजावर टाकायला कापड नव्हतं, मी सरूचा लग्नातला हिरवा शालू अंथरला. प्रत्येक भांड्याला एक चिठ्ठी चिकटवायची होती, मालाचं नाव आणि करणाऱ्याचं नाव. शाईनं लिहायचा मला तेव्हा सराव नव्हता, त्या चिठ्ठ्या आपण आळीतल्या शाळामास्तरांकडून लिहून आणल्या होत्या. खळ लावून चिकटवल्या.

आता माझी चूक सांगते. ती मी तुला कधी सांगितली नाही. साहेब येणार त्या सकाळी मी गंगाळ घासायला घेतलं, आणि चिंचेच्या पाण्यानं चिठ्ठी भिजून निघाली. शाई पसरली, तुझ्या नावाचा चिखल झाला. मला वाटलं, तू तिथे उभाच आहेस, विचारतील ते तोंडानं सांगशील. म्हणून मी तो चिखल पदराला पुसून टाकला.

विचारलं का रे कुणी? साहेब आला, सोबत आपला एक कारकून. साहेबानं गंगाळाभोवती दोन फेऱ्या घातल्या, वाकून बोटानं मठार चाचपला, मान हलवली. कारकुनानं चिठ्ठी शोधली. नाही दिसली. मग त्यानं काठावरचं नाव वाचलं आणि वहीत उतरवून घेतलं. तू चार हातांवर हात जोडून उभा. तुझ्याकडे वळून म्हणाला, "धन्याला सांग, भांडं फार नामी आहे." आणि तू म्हणालास, "सांगतो."

सांगतो. मी मेजामागे हातात राख घेऊन उभी होते. साहेबासमोर बाईनं बोलायचं कसं, या विचारात मी राहिले आणि ते पुढच्या मेजावर गेले. तेव्हा दोष तुझा एकट्याचा नव्हता. मी तेवढी तरी प्रामाणिक आहे.

दोन दिवसांनी नावं वाचून दाखवली. "गोविंद बापूजी, कल्याण. तांब्याचे गंगाळ. रौप्यपदक." तू माझा हात घट्ट धरलास. "अक्का, गंगाळाला मिळालं." तुझे डोळे भरून आले होते. नाव दुसऱ्याचं वाचलं हे तुझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा आलं. मी तुला ढकलून त्या कारकुनाकडे पाठवलं, तुझ्या मागं मीही गेले. त्यानं वही उघडून दाखवली. "भांड्यावर नाव कोरलेलं आहे. मग तू कोण?"

तू काय उत्तर दिलंस, आठवतं? म्हणालास, "मी ते फक्त घडवलं."

त्या एका शब्दासाठी मी तुला आजवर क्षमा केलेली नाही. आठ दिवस तू ते गंगाळ ठोकत होतास, उजवा खांदा सुजला म्हणून मी रात्रंदिवस शेक देत होते, आणि म्हणे फक्त. कारकुनानं वही मिटली. त्याचं तरी काय चुकलं? घडवणाराच असं म्हणतो, तर त्यानं का म्हणून खाडाखोड करावी?

आणि मग कडी केलीस ती अशी, की पदक आणि सर्टिफिकीट तू स्वतः रावसाहेबांच्या घरी नेऊन दिलंस. गंगाळासकट. त्यांनी आळीत पेढे वाटले. सर्टिफिकिटाला चौकट करून दिवाणखान्यात टांगलं. तुला नारळ दिला, उपरणं दिलं आणि म्हणाले, "यात तुझाही वाटा आहे हो." तू ते उपरणं घडी करून पेटीत ठेवलंस. मी पेटी उघडते तेव्हा अजून माझं डोकं फिरतं.

यावरून आपण किती भांडलो. मी म्हणायची, अर्ज कर, मास्तर लिहून देतील, आळीतली दहा माणसं सांगतील की गंगाळ कुणी घडवलं. तू म्हणायचास, "भांडं एकदा दिलं की ते त्यांचं. मुलगी सासरी गेली की नाव बदलतंच." मी म्हटलं, "नाव बदललं तरी तिचा बाप कोण हे कुणी विसरत नाही." त्यावर तू हसलास आणि मठारणी उचललीस. एकदा तर चिडून मला म्हणालास, "रावसाहेबांनी चोरी केली का? त्यांनी भांडं दिलं नसतं तर काय मांडणार होतो?" खरं आहे. त्यांनी चोरी केली नाही. समोर आलेलं खिशात घातलं आणि कुणाचं आहे हे विचारलं नाही. त्याला काय म्हणायचं ते तू सांग.

पुढच्या वर्षी मुंबईचा एक व्यापारी कल्याणात आला, हातात प्रदर्शनाची यादी घेऊन. त्यानं इष्टेशनावर विचारलं, गोविंद बापूजी कारखानदार कुठे राहतात? लोकांनी रावसाहेबांचं घर दाखवलं. रावसाहेबांनी त्याला चहा पाजला, पदक दाखवलं, आणि त्यांच्या व्याह्याचं मुंबईत भांड्यांचं दुकान होतं तिकडे चिठ्ठी देऊन पाठवलं. तांबटआळी तिथून हाकेच्या अंतरावर. हाक कुणी मारली नाही. तुला हे कळलं तेव्हा तू त्या दिवशी जेवला नाहीस. एवढंच. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी तांब्याची तोटी सांधायला घेतलीस. दोन माणसं कामाला ठेवायची गोष्ट पुन्हा तुझ्या तोंडून निघाली नाही, आणि मलाही काढायचा धीर झाला नाही. शेवटची वर्षं तू नवं भांडं क्वचितच घडवलंस. फुटकी सांधलीस, पोचे काढलेस, यंत्रावरच्या भांड्यांच्या कड्या बसवल्यास. मला तुझी कीव नको होती रे. मला तुझा राग हवा होता. तो तू रावसाहेबांवर एकदाही केला नाहीस, सगळा माझ्या वाट्याला ठेवून गेलास.

असो. काय केलं ते सांगते, मग तुला काय म्हणायचं ते म्हण.

काल पंगत उठली, सरू जरा आडवी झाली. मी कारखान्याचं दार उघडलं, गंगाळ उजेडात घेतलं आणि छिन्नी हातात धरली. काठावरच्या रावसाहेबांच्या नावाला हात लावला नाही. ते त्यांचं भांडं, त्यांनी दाम मोजलाय. काठाखाली तुझ्या मठाराची पहिली ओळ आहे ना, त्या ओळीत दोन खळ्या सोडून एका खळीत एक अक्षर, असं सगळ्या गंगाळाभोवती घातलं. "दामोदर सखाराम तांबट कल्याण याने घडविले." वीस अक्षरं. बाबांचा नियम मोडला. वर गेल्यावर बाबांना सांग, अक्कानं मोडला, आणि तिला पश्चात्ताप झालेला नाही.

आज सकाळी रावसाहेब गडी घेऊन आले. चष्मा लावून बघितलं. वाचायला त्यांना गंगाळाभोवती फिरावं लागलं, पुरी एक चक्कर. मग म्हणाले, "अक्का, हे काय?"

"कारागिराचं नाव," मी म्हटलं.

"हे भांडं माझं आहे."

"तुमचंच आहे. काठावर आहे की तुमचं नाव."

"लोक विचारतील."

"मग सांगा त्यांना."

त्यांनी नखानं एक अक्षर खरवडून पाहिलं. म्हणाले, "पुसून टाक." मी सांगितलं की काठावरचं नाव घासून जातं, पण खळीतलं अक्षर घासायचं तर खळी जाते, आणि खळी गेली की पदक मिळालं तो मठार जातो. तो पुन्हा घालणारा माणूस आता नाही. गड्यानं गंगाळ उचललं. रावसाहेबांनी त्याला ते एका अंगाला फिरवायला लावलं, मग दुसऱ्या अंगाला. कुठूनही धरलं तरी तुझी चार-पाच अक्षरं बाहेरच राहत होती. शेवटी म्हणाले, "चल," आणि भर बाजारातून ते घेऊन गेले. दुसरी कडी मागायचंही त्यांना सुचलं नाही.

सरू दारात येऊन बघत होती. तिला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "काय लिहिलंत?" मी तिला वाचून दाखवलं. ती आत जाऊन चुलीपाशी बसली आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

आणि दामू, मला काल काय झालं ते सांगते. कल्याणातल्या अर्ध्या घरांची नावं या हातांनी घातली. कोण कुठला सावकार, कोण कुठली सून, कुणाच्या लग्नातलं, कुणाच्या बारशातलं. हात कधी अडला नाही. काल "दा" काढला आणि छिन्नी थांबली. पुढचं अक्षर कसं बसवायचं ते सुचेना. मला वाटलं म्हातारपण आलं, डोळे गेले. मग ध्यानात आलं, की तुझं नाव मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहीत होते.